बाळंतिणीला देत नाहीत ती

मी भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा कांदा, लसूण, कोरफड आणि शतावरी ही सगळी मंडळी लिलीच्या कुळात गुण्यागोविंदाने नांदत होती. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, म्हणजे लिलीचं कूळ. मुलांना पाठ, मला पाठ, विषय संपला. मग कुठल्याशा प्रयोगशाळांमधून या झाडांचे डीएनए वाचले गेले आणि भरलं घर फुटलं. कांदा-लसूण नागदवण्याच्या घरात गेले. कोरफडीने तिसरी चूल मांडली. शतावरीच्या नावाने स्वतंत्र कूळ निघालं आणि त्या कुळात कोण कोण आलं, तर बांधावरचं घायपात, हारातला निशिगंध आणि आपली पावसाळी मुसळी. ज्याच्या वाखाचे दोर वळतात ते घायपात शतावरीच्या भावकीतलं आहे, असं मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. मला राग आला नाही. मीही तिथे बसलो असतो तर मारली असती.

राग यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. एका वर्षी पुस्तकात जुनं कूळ आणि प्रश्नपत्रिकेत नवं. दुसऱ्या वर्षी उलट. पालक विचारायला यायचे, सर, नेमकं काय लिहायचं? मी सांगायचो, दोन्ही लिहा. हे उत्तर देताना मला माझीच लाज वाटायची. वनस्पतीचं वर्गीकरण म्हणजे काही सातबारा नव्हे की फेरफार झाला आणि नवं नाव चढलं. आणि आता तर वेल्हे तालुक्याचंही नाव राजगड झालं. म्हणजे माझ्या कपाटातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर कूळ चूक आणि तालुकाही चूक.

त्या चिठ्ठ्या बदलण्याचं काम चार वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू झाला.

आमच्या विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात जाड कागदांवर टाचलेल्या वाळक्या झाडांचे गठ्ठे. लिलीचा गठ्ठा सोडून शतावरीचा नवा गठ्ठा करायला बसलो, तेव्हा माझ्याच अक्षरातली एक जुनी चिठ्ठी समोर आली. ‘शतावरी. गुंजवणे, सड्यावर.’ फांदी वाळून तपकिरी झालेली. ती बघताच ही फांदी कुठली हे मला लख्ख आठवलं.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. टेबलावर ओळीने नमुने मांडलेले, प्रत्येकापुढे आकडा, घंटा वाजली की पुढे सरकायचं. नाव, कूळ आणि एक ओळखीची खूण लिहायची. प्रत्येक नमुन्याला दोन गुण. त्या वर्षी प्रयोगशाळेच्या आमच्या शिपायाला मी सांगितलं होतं की येताना शतावरी घेऊन या. तो गुंजवण्याकडचा. त्याने सकाळी गावावरच्या कातळाच्या सड्यावरून येता येता एक फांदी तोडून आणली. फूल नाही, फळ नाही, नुसती फांदी. मी ती न बघताच सात नंबरच्या जागी ठेवली. सगळ्या मुलांनी लिहिलं, शतावरी, लिलीचं कूळ, मुळांचा झुबका. एका मुलीने वेगळंच लिहिलं.

ती गुंजवण्याची, उत्रोलीला मामाकडे राहून शिकणारी. दोन वेण्या, कायम तिसऱ्या बाकावर, तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिने लिहिलं होतं, ‘ही शतावरी नाही. शतावरीसारखी आहे. बाळंतिणीला देत नाहीत ती.’

मी तो कागद स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. म्हटलं, “अरे, परीक्षा बॉटनीची आहे, सुईणीची नाही!” सगळे हसले. बाहेरून आलेले परीक्षकही हसले. दार उघडं होतं आणि बाहेर व्हरांड्यात तोंडी परीक्षेसाठी मुली रांगेत उभ्या होत्या. ती त्यांतच होती. मी सात नंबरपुढे भोपळा काढला आणि संध्याकाळी ती फांदी, चांगली ठसठशीत आहे म्हणून, दाबून कपाटात ठेवून दिली.

आता तीच फांदी मी भिंगाखाली धरली होती आणि भिंग सांगत होतं की मी मूर्ख आहे.

शतावरीचं एक बरं नसतं. तिचं जे दिसतं ते ते नसतं. बारीक सुईसारखी जी हिरवी पानं दिसतात, ती पानं नाहीतच, त्या फांद्या आहेत, पानाचं काम करणाऱ्या. खरं पान म्हणजे त्यांच्या बुडाशी असलेला काटा. मुलांना हे पटवताना माझी दरवर्षी दमछाक होते. तर या फांदीवरचे काटे सरळ होते. आमच्याकडच्या नेहमीच्या शतावरीचे खाली वाकलेले असतात, साडीत अडकतात. सुयांचे झुबकेही विरळ, दोन-दोन, तीन-तीन. त्यांना धार होती. पण एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. सावलीतली वेल वेगळी दिसते, कातळावरची वेगळी. आमच्या शास्त्रात फुलाशिवाय झाडाला पत नाही. ओळखण्याची पुस्तकं उघडली की पहिलाच प्रश्न असतो, फुलं घोसात येतात की काट्याच्या बगलेत एकेक-दोनदोन? घोसात असतील तर ही आपली नेहमीची शतावरी, काटे काहीही म्हणोत. बगलेत असतील तर दुसरी जात. आणि माझ्या फांदीवर ना घोस, ना बगल.

फोटो काढून मी पुण्यातल्या एका जाणकारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, फुलं असलेला नमुना पाठवा. एवढंच. मला त्यांचा राग आला, मग लक्षात आलं की मीही विद्यार्थ्यांना असंच उत्तर देतो.

मला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती. ती पोरगी बरोबर होती की मी? तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी चौकशीही केली नव्हती. पण तो कागद डोक्यातून जाईना. ती चूक असती तर मी शांत झोपलो असतो. ती बरोबर असेल तर तिच्यासमोर जाऊन तसं सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं तर हातात फूल पाहिजे. मी तसा हट्टीच. पुराव्याशिवाय माफी मागायचीही माझी तयारी नव्हती.

शिपाई निवृत्त होऊन गावी बसला होता. त्याने जागा सांगितली, राजगडाच्या वाटेला लागायच्या आधी डावीकडे कातळाचा सपाट सडा आहे, त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत. भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, साखर असं करत मी स्कूटरवर गेलो. उन्हाळ्याची सुट्टी होती. वेल सापडली आणि सापडून काही उपयोग झाला नाही. सुया गळालेल्या, नुसती वाळकी तार जाळीवर लोंबत होती. सगळा सडा पालथा घातला. वाकड्या काट्यांच्या शतावऱ्या पुष्कळ, सरळ काट्यांची ही एकच. शिपायाने अशाच दुसरीची जागाही सांगितली होती, पण तिथे खड्डा होता. कुणीतरी मुळ्यांसाठी मुळापासून उपटून नेली होती.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात गेलो. सड्यावर एवढं धुकं की स्वतःचा हात दिसेना. सोनकीची पिवळी फुलं तुडवत तासभर चकरा मारल्या आणि निसरड्या कातळावर उजव्या गुडघ्यावर आपटलो. तिथेच बसून शिव्या देत होतो, धुक्याला, स्वतःला, लिलीला. तेवढ्यात गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई समोर उभी राहिली.

“कोण हाय? लागलं का वो?”

मी म्हटलं, काही नाही, घसरलो. तिने भारा खाली टाकला आणि वाकून बघितलं.

“सर! वळकलं का मला?”

दोन वेण्यांच्या जागी अंबाडा होता, डोक्यावर पदर, तोंडाला रापलेला रंग. पण मी पहिल्या क्षणाला ओळखलं. आणि म्हणालो काय, तर “चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही.” असं का म्हणालो? आजही मला त्याचा संताप येतो.

तिने नाव सांगितलं, बॅच सांगितली. गावातल्या गावातच तिला दिली होती. हाताला धरून तिने मला खाली घरी आणलं, गुडघ्याला हळद-तेल लावायला दिलं, चहा केला. ओटीवर एक म्हातारी सासू बसलेली. ती कौतुकाने म्हणाली, “आमच्या सुनंला झाडपाल्यातलं लई कळतं. गावच्या बाळंतिणींना मुळ्या हीच देती.” मी मान डोलावली.

“सर, एवढ्या धुक्याचं सड्यावर कशापायी आला व्हता?”

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “असंच. झाडं बघायला.”

“गुडघं लई दुकत्यात वाटतं तुमचं?”

“वय झालं.”

मी चहा पिऊन निघालो.

तिसऱ्या वर्षी ऐन फुलोऱ्यात निवडणुकीचं काम लागलं. प्रशिक्षण, मतदान, पुन्हा कागदपत्रं. मास्तर म्हणजे सरकारचा हक्काचा गडी. सुटका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो, तर करवंदीच्या जाळीच्या बुडाशी तीन दगडांची चूल. पुण्याहून आलेल्या ट्रेकवाल्यांनी तिथे नूडल्स शिजवले होते. रिकामी पाकिटं जाळीत खोचलेली, आणि माझी वेल कमरेपर्यंत होरपळलेली. मुळं जिवंत असतील एवढीच आशा. मी ती पाकिटं गोळा केली आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही. घरी आल्यावर मात्र बायकोला जे ऐकावं लागलं, ते ट्रेकवाल्यांनी ऐकायला हवं होतं.

मग हे गेलं वर्ष. गणपती उठले आणि मी गेलो. पेपर तपासून निघायला उशीर झाला होता, सड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कललेलं. वेल जाळीवर चढली होती, आडदांड, हिरवीगार. आणि काट्यांच्या बगलेत काहीतरी होतं. मोहरीहून बारीक दाणे. कळ्या होत्या की नव्या सुयांचे कोंब, ते भिंगाने नीट कळेना. उजेडही कमी. फोटो काढला, तोही हलला. कळ्याच असणार, मी ठरवून टाकलं. अजून आठ दिवस. शतावरीचं फूल दोन-तीन दिवसांचं पाहुणं असतं, पण वेलीवरची सगळी एकदम उमलत नाहीत, म्हणजे आठवडा-दहा दिवस हाताशी मिळतात.

एक फांदी त्याच वेळी तोडली असती तर? तोडली नाही, कारण मला उमललेलं फूल हवं होतं. पाठवल्यावर पुन्हा ‘फुलं असलेला नमुना पाठवा’ असं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

वेल पुन्हा पटकन सापडावी म्हणून खूण करायची होती. कागदी चिठ्ठ्या पावसात विरघळतात. पत्र्याच्या पट्ट्या बांधल्या तर पोरं काढून नेतात. खिशात कॉलेजच्या गणपतीच्या पूजेतली नाडाछडी राहिली होती, लाल-पिवळी, लांबून दिसणारी. ती मी बुंध्याला गुंडाळून गाठ मारली. त्यासाठी गुडघे टेकावे लागले आणि टेकल्यावर उठता येईना. दोन्ही हात जमिनीवर टेकून, डोकं खाली घालून बराच वेळ तसाच थांबलो. मग कातळाला धरून उठलो आणि घरी आलो.

आठव्या दिवशी जायचं ठरवलं होतं. पण कॉलेजात तपासणी समिती येणार असं पत्र आलं. फायली, रांगोळ्या, रंगवलेली कुंपणं. समितीतल्या प्रत्येकाला पुष्पगुच्छ द्यायचे काम माझ्याकडे. त्या गुच्छांमध्ये गुलाबाभोवती जो हिरवा, धुरासारखा पाला खोचतात ना, तीही शतावरीचीच बागेतली जात. मी एकेका पाहुण्याच्या हातात ती देत होतो आणि माझी सड्यावर उमलत होती. समितीच्या एका बाईंनी विचारलं, संशोधन कशावर चाललंय सध्या? मी म्हणालो, शतावरीच्या जातींवर. त्या म्हणाल्या, वा, खूप औषधी असते. मी नमस्कार केला.

अकराव्या दिवशी, रविवारी, उजाडता निघालो. बरोबर वर्तमानपत्रांची चळत, दाबायच्या फळ्या, नवी चिठ्ठी. कूळ बरोबर, तालुका बरोबर. सड्यावर लख्ख ऊन होतं. करवंदीची जाळी दिसली आणि तिच्यावर काही दिसेना.

वेल नव्हती. बुंध्याच्या जागी माती नीट लोटून, हाताने थापून ठेवली होती. त्या मातीवर चिमूटभर हळद, चार अक्षता आणि एक सुपारी. नाडाछडी गायब.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी ती सुपारी उचलून दरीत भिरकावली. मग माती उकरली, बोटं सोलवटेपर्यंत. एक मूळ राहिलं नव्हतं. करवंदीत हात घालून पाकळी तरी अडकली आहे का बघितलं. काही नाही. चार वर्षं! मला कुणाला तरी धरून बडवावंसं वाटत होतं. मुळ्या चोरणारे कोण असतील ते माझ्या त्या विद्यार्थिनीला माहीत असणार म्हणून तसाच खाली उतरून तिच्या घरी गेलो.

ती ओटीवर बसली होती. समोर सुपात मुळ्या. सोललेल्या, धुतलेल्या, पांढऱ्याशुभ्र. एकेक मुळी लांब दोरीसारखी आणि टोकाला गाठीसारखी फुगलेली. सुपाच्या कडेला लाल-पिवळी नाडाछडी गुंडाळून ठेवलेली.

मला बघून तिचा चेहरा उजळला. “या सर! आजच कुनाच्या तरी हाती भोरला धाडनार व्हते.”

“कुणी सांगितलं होतं तुला उपटायला?” मी ओरडलो. अंगणातली कोंबडी पळाली. सासू आतून बाहेर आली. “कुणी सांगितलं होतं? माझी होती ती! माझी खूण होती तिच्यावर!”

ती उभी राहिली. “व्हय, तुमचीच. म्हनून तर काडली.”

“म्हणजे?”

तिने सावकाश, वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं. औषधाची मुळी घ्यायची तर आदल्या सांजेला जाऊन तिला आवतान द्यायचं. दोरा बांधायचा, पाया पडायचं, उद्या न्यायला येतो म्हणायचं. सकाळी उठून, तोंडातून शब्द न काढता ती खणून आणायची. “तुमी सांजच्याला दोरा बांधला, गुडघं टेकलं, डोकं ठिवलं. म्या लांबनं बघितलं, शेळ्या घिऊन येत व्हते. म्हनलं सरांनी गुडघ्यासाटी आवतान दिलं. दुसऱ्या दिवशी वाट बघितली, तुमी न्हाई आला. तिसऱ्या दिशी न्हाई. आवतान दिऊन वेल तशीच ठिवली तर औषध वाया जातं, अन् देनाऱ्याचं दुखनं वाढतं. म्हनलं सरांना सडा चढवत नसंल. मंग नवव्या दिशी म्याच गेले.”

सासू म्हणाली, “उपाशीपोटी गेली व्हती.”

मी ओटीवर बसलो. राग कुठे ठेवावा तेच कळेना. ट्रेकवाल्यांवर रागावता येतं, निवडणुकीवर येतं. हिच्यावर कसा रागावू?

“वेल कुठं आहे? वरची वेल?”

“शेळ्यांनी खाल्ली.”

“फुलं होती तिला?”

“व्हती की. पांढरी, बारकी. वास येत व्हता.”

मग मी सगळं सांगितलं. सात नंबर, तो कागद, स्टाफरूम, कपाटातली फांदी, भिंग, चार वर्षांच्या खेपा. फूल सापडलं असतं तर तू बरोबर होतीस की मी, ते कळलं असतं, हेही. बोलताना मी तिच्याकडे न बघता सुपाकडे बघत होतो.

शेवटी ती म्हणाली, “घोसात नव्हती फुलं. काट्याच्या बगलंला दोन-दोन व्हती. घोसात त्या दुसरीला येत्यात, वाकड्या काट्याच्या.”

मी न विचारताच तिने सांगितलं. पुस्तकातला पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर, पुस्तक न बघता. आणि माझ्या तोंडून शब्द गेला, “नक्की?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “सर, तोंडी परीक्षेला बी तुमी ह्येच इचारलं व्हतं. नक्की का, म्हनून. म्या नक्की म्हनले, तर तुमी त्या दुसऱ्या सरांकडं बघून हसला.”

मला हे अजिबात आठवत नव्हतं. आठवत नाही याचंच सगळ्यात वाईट वाटलं. खिशातून वही काढली, लिहायला घेतलं, फुले बगलेत, दोन-दोन. पुढे पेन अडकलं. कुणी पाहिली? नमुना कुठे? मी हे पाठवलं तर काय उत्तर येईल ते मला शब्दशः माहीत होतं. मी स्वतः परीक्षक असतो तर तेच उत्तर दिलं असतं. तरी मी तिचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या आडनावासकट, जसं हजेरीपटावर होतं तसं. ते बघून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

“तू बरोबर होतीस,” मी म्हटलं. “मी चुकलो. मी पुढल्या साली पुन्हा शोधीन, दुसरी वेल कुठेतरी असेलच. फूल मिळालं की तुझ्या नावाने...”

ती मुळ्या एका स्वच्छ फडक्यात बांधत होती. म्हणाली, “मला ठावं हाय म्या बरुबर व्हते. आजीनं लहानपनीच दावलं व्हतं. त्येला फूल कशाला पायजे?”

“तरीपण, कागदावर यायला...”

“सर, नर्सिंगच्या यादीत माजं नाव दोन मार्कांनी ऱ्हायलं.” तिने हे असं सांगितलं, जसं कुणी एसटी चुकली म्हणून सांगावं. “मार्क तवा पायजे व्हते.”

मग तिने फडक्याला गाठ मारली आणि ते माझ्यापुढे धरलं. “रोज दोन मुळ्या दुधात उकळून घ्या. ही बाळंतिणीला चालत न्हाई, पन गुडघ्याला चालती.”

मी ते घेतलं.